अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाने आपल्या अमेरिकन फुटबॉल संघाचे कोच जेम्स फ्रँकलिन यांना ऐन हंगामात काढलं ते बरोबर होतं का? मोठ्या सामन्यात गळपटणारा हा कोच मुळात चांगला होता का?

काढलं ते चुकलं असं मी म्हणणार नाही. तोवर एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएकडून ४२-३७ हरायचं, पुढच्याच शनिवारी घरच्या मैदानावर नॉर्थवेस्टर्नकडून २२-२१, आणि तेही हंगामाच्या सुरुवातीला देशात दुसरा धरलेल्या संघाने. १२ ऑक्टोबर २०२५ ला नारळ मिळाला. पण 'गळपटणारा' हा शब्द तुम्ही लिहिलात तो मी सात वर्षं घरातच ऐकतोय.

आम्ही दोघे भाऊ कोल्हापूरचे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीच्या मॅचेस बघत वाढलो, त्यामुळे संघ एकदा आपला म्हटला की आपला. दादा नोकरीमुळे कोलंबसला, म्हणजे ओहायो स्टेटच्या गावात. मी २०१५ मध्ये एमएस करायला पेन स्टेटला गेलो आणि त्यांच्या अमेरिकन फुटबॉलच्या (आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे) नादी लागलो. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये मिशिगनने आम्हाला ४९-१० असं धुतलं तेव्हा माझ्या लॅबमधली पोरंसुद्धा कोच बदला म्हणत होती. महिनाभरात, २२ ऑक्टोबरला, ओहायो स्टेट आलं. दुसऱ्या क्रमांकाचं, एकही सामना न हरलेलं. चौथ्या क्वार्टरमध्ये आम्ही २१-७ मागे. मग आमच्या मार्कस ॲलनने त्यांची फील्ड गोल (तीन गुणांची किक) अडवली, ग्रँट हेली चेंडू उचलून साठ यार्ड पळत सुटला आणि २४-२१. लाखाच्या वर माणसं होती, पायाखालची फळी हलत होती. शेजारच्या अनोळखी आजोबांनी मला मिठी मारली, ते रडत होते. पुढे विस्कॉन्सिनविरुद्ध २८-७ मागे असताना ३८-३१ जिंकून बिग टेनचं, म्हणजे आमच्या विद्यापीठ-गटाचं, अजिंक्यपद घेतलं. तरी राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या प्लेऑफला बोलावलं कुणाला? ओहायो स्टेटला. तिथे ते क्लेमसनकडून ३१-० हरून आले. हे मी दादाला दर दिवाळीला ऐकवतो.

त्याचं उत्तर ठरलेलं असतं: २०१८ चा ओहायो स्टेटविरुद्धचा सामना. तो सामना मी त्याच्याच घरी बघितला. १२ गुणांची आघाडी घालवून आम्ही २७-२६ असे मागे, दीड मिनिटापेक्षा कमी वेळ उरलेला, चौथा डाऊन, म्हणजे चेंडू राखायची शेवटची संधी, आणि पुढे सरकायचं पाच यार्ड. आमचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) ट्रेस मॅकसोर्लीने त्या रात्री एकट्याने ४६१ यार्ड काढले होते. आणि चेंडू दिला पळणाऱ्या माइल्स सँडर्सला. ओहायो स्टेटच्या चेस यंगने त्याला रेषेच्या मागेच पाडलं. दादा शांतपणे म्हणाला, "तुझा वस्ताद भ्याला." मी ताटावरून उठलो. वहिनी जेवायला बोलवत राहिली, मी गाडी काढून रात्रभर चालवत स्टेट कॉलेजला, म्हणजे पेन स्टेटच्या गावी, परत आलो. दिवाळीपर्यंत आमचं बोलणं नव्हतं.

आता आकडे. पहिल्या दहातल्या संघांविरुद्ध ४ विजय, २१ पराभव. ओहायो स्टेटविरुद्ध १-१०. हे लाजिरवाणं आहे, मी झाकत नाही. पण एकूण १०४-४५ सुद्धा त्याच माणसाचे. आणि २०१४ मध्ये त्यांच्या हाती काय आलं होतं ते बघा. सँडस्की प्रकरणानंतर (माजी सहायक कोचने केलेलं मुलांचं लैंगिक शोषण) २०१२ मध्ये सहा कोटी डॉलरचा दंड, हंगामाअखेरच्या 'बाउल' सामन्यांवर चार वर्षं बंदी आणि स्कॉलरशिपमध्ये कपात झाली होती. बंदी पुढे लवकर उठली, पण मोडलेल्या तालमीत पोरं परत आणणं हे खरं काम असतं, आणि ते त्यांनी केलं. आज 'तिथे कुणीही जिंकेल' म्हणणाऱ्यांना २०१४ आणि २०१५ चे ७ विजय, ६ पराभव आठवत नाहीत.

त्यांचा खरा दोष मला दुसराच वाटतो. हरलेला सामना त्यांना पुढच्या शनिवारपर्यंत पुरायचा. २०२५ मध्ये ओरेगॉनकडून दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ३०-२४ हरलो, तो काही गुन्हा नव्हता. मी पुण्यात पहाटे पाचला उठून तो बघितला, पोरं जीव तोडून खेळली. गुन्हा झाला तो पुढच्या आठवड्यात, यूसीएलएसमोर झोपेतून उठल्यासारखा संघ उतरला तेव्हा. कोचची परीक्षा तिथे असते. मोठ्या सामन्याला पोरं आपोआप पेटतात.

२०१९ ला मी परतलो, त्यानंतरचे सगळे सामने काही बघितलेले नाहीत, तेव्हा माझा शब्द शेवटचा धरू नका. शिवाय २०२४ च्या हंगामात प्लेऑफच्या उपांत्य फेरीत नोत्र दामशी २७-२४ हरलो, तिथे शेवटच्या मिनिटातला आमचा क्वार्टरबॅक ॲलरचा पास प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला. तो कोचच्या खात्यावर किती टाकायचा हे तुम्हीच ठरवा. ते आता व्हर्जिनिया टेकला गेलेत. तिथे पुन्हा उभारायचंच काम आहे, आणि ते त्यांना जमेल असं मला वाटतं.

दादा, तूही इथे वाचतोस म्हणून लिहितो. त्या चौथ्या डाऊनला चेंडू मॅकसोर्लीकडेच ठेवायला हवा होता, हे मला त्याच रात्री कळलं होतं. पण भ्याला म्हणू नकोस. भिणाऱ्या माणसाचा संघ २८-७ वरून परत येत नाही.