रँक सुधारून देणारा भेटला तर

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. जांबोटी भागात थोडी शेती आहे. दोन वर्षांपासून भाताच्या जाती, धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या मातीत केलेली), जुनी अवजारं यांवर ब्लॉग लिहितो. परवा एका कंपनीचा फोन आला. ‘तुमचा ॲलेक्सा रँक चाळीस लाखांच्या पुढे आहे, सहा हजारांत पाच लाखांच्या आत आणून देतो,’ म्हणाले. मुलगा म्हणतो, एवढा मागचा नंबर, मग वाचतंय कोण? लिहिणं थांबवू का?
– एक वाचक, ता. खानापूर

उत्तर : गुरुजी, सहा हजार खिशातच राहू द्या. ॲलेक्सा रँक म्हणजे कुठल्या साइटवर किती लोक येतात यावरून लावलेला क्रमांक, जितका लहान तितका चांगला. तो १ मे २०२२ रोजीच बंद झाला. ॲमेझॉननं १९९९ मध्ये ती कंपनी विकत घेतली होती, त्यांनीच गाशा गुंडाळला. (हाक मारली की बोलणारा तो डबा वेगळा. नाव तेवढं एकच.) म्हणजे तुम्हाला फोन करणारा मेलेल्या म्हशीचं दूध वाढवून द्यायला निघालाय.

म्हैस जिवंत असती तरी मी हेच सांगितलं असतं, कारण तो रँक कसा हलतो हे मी स्वतः करून बसलोय. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्ही चार मित्रांनी बेळगावची माहिती देणारी साइट काढली होती. ॲलेक्साची मोजणी तेव्हा मुख्यतः तिचा टूलबार (ब्राउझरला जोडायची पट्टी) ज्यांनी ब्राउझरमध्ये बसवलाय त्यांच्यावरून व्हायची. किती लोक आले, किती पानं उघडली, याची तीन महिन्यांची सरासरी. आम्ही चौघांनी खडेबाजारातल्या एका सायबर कॅफेत टूलबार बसवला आणि रोज संध्याकाळी आपलीच पानं आपणच उघडत बसलो. दोन महिन्यांत रँक कित्येक लाखांनी सुधारला! भजी झाली, चहा झाला. वाचक मात्र तेवढेच : आम्ही चौघं, आणि बिल करताना डोकावणारा कॅफेचा मालक. पहिल्या एक लाखापलीकडच्या क्रमांकांवर फार विसंबू नका, असं ॲलेक्सा स्वतःच सांगायची. ते आम्ही वाचलं नव्हतं.

तुमचा वाचक कोण? नंदगडकडचा शेतकरी, नाहीतर पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेली गावची पोरं. सगळे मोबाइलवर. टूलबार असायचा कम्प्युटरवर. हे लोक त्या मोजणीत आलेच नसते. आज साइटवर किती लोक येतात ते सांगणाऱ्या सिमिलरवेबसारख्या सेवा आहेत, पण त्यांचेही आकडे अंदाजाचेच, आणि आपल्याएवढ्या साइटचा अंदाज बांधायला त्यांच्या हाती पुरेसं काही लागत नाही.

शिवाय आपल्याकडे अर्धं वाचन व्हॉट्सॲपवर चालतं. लिंक कोण पाठवतो? मजकूरच उचलतात. मांडे या आपल्या गोड पदार्थावरचा माझा लेख मला निपाणीच्या मावशीनं पाठवला, ‘बघ, किती छान लिहिलंय कुणीतरी’ म्हणून! खाली माझं नाव नाही, पुरण भरू नका हे वाक्य गायब, वर दोन गुलाबाची फुलं. हे वाचणारे कुठल्याच तक्त्यात येत नाहीत.

तुम्ही एक करा. मुलाला गूगल सर्च कन्सोल जोडून द्यायला सांगा. पैसे पडत नाहीत. लोक काय शोधत तुमच्यापर्यंत आले ते शब्द तिथं दिसतात, सोळा महिन्यांपर्यंतचे. मी दर रविवारी तेवढंच बघतो. लग्नसराईत ‘मांडे किती दिवस टिकतात’ हे शोधत येणारे वाढतात. माझ्या लेखात त्याचं उत्तरच नव्हतं, मग वडगावच्या एका मांडेवाल्या काकूंना विचारून चार ओळी घातल्या. आणखी एक गंमत : शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, पण मराठीत शोधत माझ्याकडे येणारा ‘बेळगाव’च लिहितो, आणि बरेच जण तर इंग्रजी अक्षरांत. म्हणून मी शीर्षकात आपलं नेहमीचं नाव ठेवतो आणि मजकुरात दुसरंही एकदा येऊ देतो.

धूळवाफ पेरणीवरचा तुमचा लेख कुठल्या महिन्यात उघडला जातो ते बघा. मे महिन्यात आकडा हलत असेल, तर एप्रिलअखेर तो पुन्हा हातात घ्या. यंदाचं बियाणं, एकरी किती लागलं, वळीव कधी झाला, हे घाला. आणि इंद्रायणी भात तुमच्याकडच्या पावसात आडवा पडतो का, तेही लिहा. येळ्ळूरला माझ्या मेहुण्याचा दरवर्षी पडतो, तो मला विचारतो आणि मला सांगता येत नाही.