भावाचा वाटा

प्रश्न : आदरणीय फादर, मी वसईतल्या पाचूबंदरचा. वडील गेल्यावर २००९ साली आम्ही त्यांची बोट विकली. चार लाख आले. उत्तनला राहणाऱ्या धाकट्या भावाला मी तीनच सांगितले आणि दीड लाख त्याच्या हातात ठेवले. वडिलांमागे घर मीच ओढलं होतं, त्यामुळे तेव्हा वाईट वाटलं नाही. पुढे त्याला कळलं आणि बोलणं तुटलं. ‘दोघं एकदा बोला रे’ म्हणत म्हणत आई गेली. पैशांच्या व्यवहारात खोटं बोललो, एवढं पापनिवेदनात सांगितलं आहे. प्रार्थनासभेत म्हणतात, पौलासारखं मागचं विसर आणि पुढे चल. मला विसरता येत नाही. कम्युनियनच्या (ख्रिस्तप्रसादाच्या) रांगेत पाय जड होतात. माझा विश्वास कमी पडतो का? (नाव छापू नये)

उत्तर : प्रिय बंधू, विश्वास नसता तर पाय जड झालेच नसते.

सभेत सांगितलेलं वचन बायबलमध्ये, प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. पौल तेव्हा बंदिवासात होता. ते वचन नुसतं उचलू नका, अध्याय पहिल्या ओळीपासून वाचा. आधी तो स्वतःचं मोठेपण मोजतो : आठव्या दिवशी सुंता झालेला, बन्यामीन वंशाचा, परूशी म्हणजे धर्मशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा. ख्रिस्ती मंडळीचा छळही त्याच यादीत येतो, कारण एके काळी त्याचाही त्याला अभिमान होता. हे सारं ख्रिस्तापुढे केरकचरा, असं तो म्हणतो. पण केलेला छळ तो झाकत नाही. करिंथकरांना उघड लिहितो की मी देवाच्या मंडळीचा छळ केला, प्रेषित म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही. मोठेपण टाकलं, अन्याय मात्र कबूल करत राहिला.

आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. ‘घर मीच ओढलं होतं.’ ते खरं असेल. डिझेल, बर्फ, खलाशांचे पैसे, वर घरातली आजारपणं. थोरल्यावर काय येऊन पडतं ते मी वसईच्या किनाऱ्यावर पाहिलं आहे. पण भावाचे पन्नास हजार त्या कष्टांची मजुरी नव्हती. तुम्हाला मागे सोडायचं आहे ते ‘घर मीच ओढलं’ हे वाक्य. भावाची आठवण राहू द्या, तीच तुम्हाला उत्तनच्या वाटेला लावेल.

१९९२ सालच्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात, १४५९ व्या परिच्छेदात, हे स्पष्ट दिलं आहे : क्षमेने पाप जातं, पण पापाने झालेलं नुकसान आपोआप भरून येत नाही, चोरलेलं परत करावं लागतं. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराला, लोकांकडून लुबाडलेलं चौपट परत देण्याची अट येशूने घातली नव्हती. येशू घरी आला, त्या आनंदात तो स्वतःच उभा राहून बोलला.

तेव्हा आधी पुन्हा पापनिवेदनाला जा आणि या वेळी भावाचा वाटा बुडवला असं सरळ सांगा. नंतर रांगेत उभं राहायला घाबरू नका. आईसाठी मिस्सा अर्पण करा. तिचं दुःख आता तुमच्या हातात नाही, देवाच्या हातात आहे.

मग भाऊ. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तोही दर्यावर जात असेल तर तेव्हा घरी सापडेल. मध्यस्थ नेऊ नका, फोनवर उरकू नका. पैसे घेऊन जा, आणि पन्नास हजारांत तेव्हा जे येत होतं ते आज येत नाही, हे धरून रक्कम ठरवा. घराचं किती ओढलं ते तिथे काढू नका. तो कदाचित दार लावून घेईल. त्याला राग धरायचा हक्क आहे. तसं झालं तर रक्कम बाजूला ठेवा, खर्चू नका, आणि नाताळच्या आधी पुन्हा जा.