आयताकृती घड्याळ घेताना आधी लांबी मोजा

गोल घड्याळांच्या सवयीने तुम्ही केवळ रुंदीचा आकडा पाहत असाल, तर आयताकृती घड्याळाच्या बाबतीत तो आकडा हमखास फसवतो. इथे निर्णायक ठरते ती उभी लांबी, म्हणजे पट्टा जिथे अडकतो त्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचे अंतर. कार्तिएच्या टँक मस्टचे मोठे मॉडेल ३३.७ बाय २५.५ मिमी आहे आणि जेजेर-लकूल्त्र कंपनीच्या रिव्हर्सो क्लासिकचे मध्यम मॉडेल ४०.१ बाय २४.४ मिमी, रुंदीत रिव्हर्सो किंचित लहान असूनही मनगटावर ते टँकपेक्षा सहा मिलिमीटरहून जास्त लांब पसरते.

म्हणून मनगटाच्या घेरावर विसंबून न राहता त्याची वरची सपाट बाजू पट्टीने मोजावी, कारण सारख्याच घेराचे एक मनगट चपटे असते तर दुसरे गोलसर, आणि गोलसर मनगटावर लांब केसची (म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाची) टोके अधांतरी राहून बाहीत अडकतात. (मी स्वतः पहिले घड्याळ निव्वळ छायाचित्र पाहून घेतले आणि दोन महिन्यांत विकून टाकले.) जाड पुठ्ठ्याचा त्याच मापाचा तुकडा कापून मनगटावर ठेवा आणि हातभर अंतरावरून आरशात पाहा; दोन्ही बाजूंना थोडी त्वचा दिसायलाच हवी. केसची मागची बाजू वक्र असेल तर एखाददुसरा मिलिमीटर जास्त चालतो, सपाट असेल तर मात्र माझ्या मते लहान मापच घ्यावे.