अंदाज आधी, पेनने

विज्ञानाचा तास : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी हडपसर भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. वर्गात साठ मुलं, पस्तीस मिनिटांचा तास आणि बाक इतके जड की हलत नाहीत. प्रशिक्षणात ‘खेळातून शिकवा’ असं सांगतात. पण एक खेळ घेतला की शेजारच्या वर्गातून आवाज कमी करायचा निरोप येतो, आणि महिन्याअखेरीला पोर्शन कुठवर आला हे विचारलं जातं. अशा वर्गात नेमकं काय घ्यायचं?
— एक शिक्षिका

उत्तर : ताई, बाक हलवूच नका. एका बाकावर जी दोन मुलं बसतात तोच गट. गट पाडण्यात तासाची दहा मिनिटं जातात आणि आवाजही तेव्हाच सर्वांत जास्त होतो.

माझ्या वर्गात एक नियम कधीच सुटला नाही. कुठलाही खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा, तोही पेनने. पेन्सिल चालणार नाही. उत्तर समोर आलं की प्रत्येक मुलाला वाटतं, हे मला माहीतच होतं, आणि ते खोटंही बोलत नसतं, त्याला खरंच तसं वाटतं. वहीत निळ्या शाईत दुसराच आकडा दिसला की मगच ‘असं कसं झालं?’ हा प्रश्न त्याच्या मनात उठतो. त्या प्रश्नावर पुढची दहा मिनिटं शिकवलेलं वर्षभर टिकतं. अंदाज लिहिताना वर्ग शांत असतो, हा शेजारच्या वर्गाचाही फायदा.

सुरुवात शंभराच्या नोटेने करा. नोट उभी धरायची. समोरच्या मुलाने नोटेच्या मध्यावर, तिला न शिवता, अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं. तुम्ही न सांगता नोट सोडायची. पकडली तर नोट त्याची. किती जण पकडतील, अंदाज लिहा. वर्ग उदार असतो, तीस-चाळीस लिहितो. पण शंभराची नवी नोट १४.२ सेंटिमीटर लांब, म्हणजे बोटांच्या खाली जेमतेम ७ सेंटिमीटर उरते, आणि तेवढं अंतर पडायला ०.१२ सेकंद लागतात. डोळ्याने पाहून बोटं मिटायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात नोट जवळजवळ २० सेंटिमीटर खाली गेलेली असते. कुणी पकडलीच तर ते मूल तुमच्या हाताची हालचाल ओळखतंय किंवा आधीच बोटं मिटतंय, पुन्हा घ्या. मग नोट खिशात ठेवा आणि प्रत्येक बाकावर ३० सेंटिमीटरची पट्टी घ्यायला सांगा. पट्टी किती सेंटिमीटरवर पकडली ते मोजायचं आणि s = ½gt² (s अंतर, g गुरुत्वत्वरण, t वेळ) मधून स्वतःचा वेळ काढायचा. गुरुत्वाकर्षणाच्या धड्यातलं ते सूत्र एरवी फळ्यावरच राहतं. इथे मुलं ते आपणहून मागतात, कारण शेजाऱ्यापेक्षा आपण चपळ आहोत का हे त्यांना कळायला हवं असतं.

आणि साठ मुलं ही अडचण नसून सोय आहे असा एक खेळ सांगते. आनुवंशिकतेच्या धड्यात मेंडेलने वाटाण्याच्या रोपांवरून काढलेलं ३:१ गुणोत्तर येतं, तीन उंच, एक बुटकं. मुलं चौकोन आखतात, पाठ करतात, आणि बहुतेकांचा समज होतो की चार झाडांत एक बुटकं असलंच पाहिजे. बाकावरच्या दोघांना एकेक रुपयाचं नाणं काढायला सांगा. एक बाप, एक आई. छापा म्हणजे उंचीचा प्रभावी घटक, काटा म्हणजे बुटकेपणाचा. दोन्ही नाणी काटा पडली तरच रोप बुटकं. नाणी बाकावर न टाकता वहीवर टाकायची, आवाज होत नाही. प्रत्येक जोडीने वीस रोपं काढायची. त्याआधी अंदाज : विसात बुटकी किती? निम्मी मुलं पाच लिहितात, काही दहा.

मग फळ्यावर आकडे मांडा. कुणाला दोन, कुणाला नऊ, कुणाला बरोबर पाच. दोनवाले म्हणतात, आमचं चुकलं. चुकलेलं काही नसतं. आता तीस जोड्यांची बेरीज करा : सहाशे रोपांत बुटकी दीडशेच्या आसपास येतात. ही बेरीज होत असताना मी मुलांचे चेहरे पाहत असे. एकेका बाकावर नियम दिसत नव्हता, सगळ्या वर्गाचे आकडे एकत्र आले की दिसायला लागला. त्याच वेळी मेंडेलचे स्वतःचे आकडे फळ्यावर लिहा : ७८७ उंच, २७७ बुटकी. भाग द्या, २.८४ येतं. त्यालाही नेमके तीन मिळाले नव्हते, आणि तरीही त्याने १८६६ साली ते आकडे छापले. चार भावंडांत एकालाच अमुक गुण का आला नाही, या घरोघरीच्या प्रश्नाचं उत्तरही मुलं तिथेच देतात.

नाण्याऐवजी कुणी चिंचोका फोडून आणेल, एक बाजू काळी, एक पांढरी. आणू द्या, पण आधी तो शंभर वेळा टाकून पाहायला सांगा. त्याची पाठ फुगीर असते, दोन्ही बाजू सारख्या पडतीलच असं नाही. हे तपासणं म्हणजेच विज्ञान.

पोर्शनबद्दल एवढंच : धड्यागणिक एक खेळ नको. ज्या धड्यात मुलांचा समज हटकून चुकतो, तिथेच घ्या. बाकीचं नेहमीसारखं शिकवा.

प्रश्न : मी पुण्यात बी.एड. करतोय. सराव पाठासाठी आवर्तसारणीवर सापशिडी तयार केली आहे. बरोबर उत्तर दिलं की शिडी, चुकलं की साप. मुलांना आवडेल ना?
— एक विद्यार्थी

उत्तर : आवडेल, आणि उजळणीला चांगली आहे. पण मूलद्रव्यांचं नावसुद्धा न घेता तीच सापशिडी इतिहासाच्या सनावळीला चालेल. खेळाचा नियम विषयातून यायला हवा. तू हे करून बघ.

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर सोळा मूलद्रव्यांची कार्डं कर : लिथियम ते फ्लोरिन, सोडियम ते क्लोरिन, पोटॅशियम आणि कॅल्शियम. निष्क्रिय वायू नकोत, आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हकडेही ते नव्हते. कार्डावर नाव लिहू नकोस, फक्त अणुवस्तुमान, संयुजा (एक अणू किती बंध जोडतो) आणि धातू की अधातू. त्यातलं सिलिकॉनचं कार्ड खिशात ठेव आणि उरलेली पंधरा कार्डं पिसून दे. सूचना एकच : वस्तुमानाच्या क्रमाने लावा, पण सारख्या स्वभावाची एकाखाली एक येऊ द्या.

थोड्या वेळाने कुठल्यातरी बाकावरून हाक येते, ‘सर, इथे एक कार्ड कमी आहे.’ त्या हाकेसाठी सगळा खटाटोप आहे. लगेच कार्ड देऊ नकोस. विचार, काय असेल त्यावर? एका बाजूला २७, दुसऱ्या बाजूला ३१, म्हणून मुलं २९ लिहितील. वर कार्बन, म्हणून संयुजा ४. आणि मग भांडण : डावीकडे धातू, उजवीकडे अधातू, मग हा कोण? भांडू दे. धातुसदृश हा शब्द फळ्यावर लिहायची वेळ तीच. आता कार्ड काढ : २८.

मेंडेलीव्हने १८७१ साली याच रीतीने सिलिकॉनच्या खालच्या रिकाम्या घराचं भाकीत केलं होतं, अणुवस्तुमान ७२, घनता ५.५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. १८८६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ विंकलरला जर्मेनियम सापडलं : ७२.६ आणि ५.३२. हे आकडे पाठ टाचणात शेवटी ठेव, आधी सांगितलंस तर खेळ संपला.

साहित्य कमी पडत असेल तर एकदा पुण्यातल्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेची माहिती काढ. अरविंद गुप्तांनी तिथे टाकाऊ वस्तूंतून केलेली खेळणी त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतही आहेत. सेफ्टी पिना, सेल, चुंबक आणि तांब्याच्या तारेची मोटर तर दहावीला असायलाच हवी.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. तिने वहीत ‘पाण्याचा उत्कलनांक ९८ अंश सेल्सिअस’ असं लिहिलंय. म्हणते, वर्गात आम्ही मोजला. पुस्तकात १०० आहे. बोर्डाच्या परीक्षेचं वर्ष आहे, शाळा प्रयोग-खेळ करताना चुकीचं शिकवत नाही ना?
— एक पालक, सिंहगड रस्ता

उत्तर : तिच्या शिक्षकांना माझा नमस्कार सांगा. तुमच्या मुलीने जे मोजलं ते बरोबर आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. तुमच्या रस्त्याने पुढे सिंहगडावर गेलात, म्हणजे १३०० मीटरवर, तर ते ९६च्या आसपास उकळेल. घरातल्या कुकरमध्ये उलट : कोंडलेल्या वाफेने दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांपर्यंत पोचतं, म्हणून डाळ लवकर शिजते.

तिला घरी एवढं विचारा : तापमापीच बिघडलेला नसेल कशावरून? तिने उत्तर दिलं, ‘बर्फाच्या चुऱ्यात ठेवून पाहिला, शून्य दाखवलं’, तर वर्ग फार चांगला चाललाय असं समजा. ‘नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून कमी आलं’ म्हणाली, तर सांगा की क्षारांनी उत्कलनांक वाढतो, कमी होत नाही. पुढचा विचार ती करेल.

परीक्षेत १०० लिहायचं, पण ‘एक वातावरण दाबाला’ हे शब्द जोडून. शास्त्रीय कारण विचारलं, तर ९८ची गोष्ट लिहू दे.