लाल खडा मोठा दिसला की आधी बिल बघा
(वाचकांचे प्रश्न, यावेळी दागिने)

प्रश्न: ताई, आम्ही भिशीच्या मैत्रिणी मे महिन्यात टूर कंपनीबरोबर प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट करतोय. प्रागला एकच दिवस मिळणार. माझ्या जावेच्या सुनेने तिकडून अंगठी आणलीय, मधोमध चांगला ठसठशीत लाल खडा, दुकानदाराने ओरिजिनल बोहेमियन गार्नेट म्हणून दिला. मलाही तशीच घ्यायचीय. फसवणूक होऊ नये म्हणून काय बघायचं?
— एक काकू, डोंबिवली

उत्तर: काकू, वाईट वाटून घेऊ नका पण तो ठसठशीत खडाच मला खटकतोय. चेक गार्नेट (बोहेमियन गार्नेट म्हणतात तोच) म्हणजे पायरोप जातीचा गार्नेट, आणि तो मुळात निघतोच बारीक. दागिन्यात बसलेले खडे साधारण दोन ते पाच मिलिमीटरचे असतात, आठच्या पुढचा खडा म्हणजे दुर्मिळ गोष्ट, तो काय रस्त्यावरच्या दुकानात शंभर अंगठ्यांमध्ये रांगेने बसलेला दिसणार नाही. म्हणून तर तिथली पारंपरिक डिझाईन्स तशी आहेत, बारीक बारीक खडे एकमेकांना चिकटून बसवायचे, इतके की मधलं सोनं-चांदी जेमतेम दिसतं.

मग मोठा खडा कसला असतो? बहुतेक वेळा अल्मंडाईन, म्हणजे गार्नेटचाच दुसरा प्रकार, आणि तो भारतातही भरपूर निघतो, राजस्थानात निघतो, ओडिशात निघतो. म्हणजे प्रागला जाऊन युरो मोजून आपलाच खडा परत घरी आणायचा असा प्रकार होऊ शकतो (तिथे युरो नाही, कोरुना चालतात, तेही लक्षात ठेवा, दुकानदार युरोत भाव सांगतो तेव्हा स्वतःच्या रेटने सांगतो). आता अल्मंडाईन असणं हा काही गुन्हा नाही हां. मधे एक मोठा अल्मंडाईन आणि भोवती बारीक चेक गार्नेट अशी डिझाईन्स तिकडची चांगली दुकानंही उघडपणे विकतात, फक्त बिलावर तसं लिहिलेलं असतं. अडचण तिथे जिथे सगळंच चेक म्हणून खपवतात.

रंगाने थोडं कळतं. चेक गार्नेट क्रोमियममुळे निखळ लाल, उजेडात धरला तर आतून पेटल्यासारखा. अल्मंडाईन कोकम सरबताकडे झुकतो, थोडा जांभळट, कधी तपकिरी. पण दुकानातल्या पिवळ्या लाईटखाली सगळंच लाल दिसतं, तेव्हा डोळ्यांवर फार भरवसा नको. काचेचीही भीती आहे, कारण गार्नेटचे दागिने घडवणारं तुर्नोव गाव ज्या भागात आहे तो सगळा भाग काचेच्या मण्यांसाठीच प्रसिद्ध, मण्यांचं याब्लोनेत्स गाव तिथून जवळच, आणि खुद्द तुर्नोवमध्ये १८व्या शतकापासून रत्नांसारखी दिसणारी रंगीत काच बनवायचे. भिंगातून आत हवेचे बुडबुडे दिसले, पैलूंच्या कडा गोलसर झिजलेल्या वाटल्या, तर काच समजा.

त्यापेक्षा कागद बघा. बिलावर चेक भाषेत "चेस्की ग्रानात" असं पूर्ण लिहून मागा. नुसतं "ग्रानात" म्हणजे कुठलाही गार्नेट. आणि "मेड इन चेक रिपब्लिक" वाचून हुरळून जाऊ नका, दागिना तिथे घडवला एवढाच त्याचा अर्थ, खडा कुठला ते त्यात येत नाही.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे तुर्नोवच्या ग्रानात सहकारी संस्थेचा माल घ्या. १९५३ पासूनची संस्था आहे, खडे स्वतः काढते, पॉडसेडित्सेला त्यांची खाण आहे, खाण म्हणजे बोगदा वगैरे नाही, खडी-माती उपसून धुवून चाळून त्यातून खडे वेचतात. दागिन्याबरोबर सर्टिफिकेट देतात. प्रागमध्ये ओल्ड टाऊनच्या चौकाला लागूनच द्लौहा रस्त्यावर त्यांचं दुकान आहे, गाईड दुसरीकडे घेऊन गेला तरी जेवणाच्या सुट्टीत चालत जाऊन येता येईल. गाईडने नेलेल्या दुकानात खरेदी केलीच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नसतं, आपल्या बायका उगाच संकोचतात.

आणखी दोन गोष्टी. सोनं तिथे बहुतेक १४ कॅरेट असतं, ५८५ चा शिक्का, त्यामुळे २२ कॅरेटच्या सवयीने बघितलं तर फिकं वाटेल. आणि कानातल्यांना फिरकी असेलच असं नाही, दाबून बसवायचं बटण किंवा आकडा असतो, आवडत नसेल तर तिथेच विचारा. दुसरं टॅक्स रिफंडचं, एका दुकानात एका दिवशी २००० कोरुनांच्या वर खरेदी झाली तर व्हॅट परत मागता येतो, दुकानातच पासपोर्ट दाखवून फॉर्म भरून घ्या. पण तुमची टूर बुडापेस्टला संपतेय ना, मग कस्टम्सचा शिक्का प्रागला नाही, युरोपियन युनियनमधून बाहेर पडताना मारून घ्यायचा, आणि दागिना हँडबॅगेत ठेवा, दाखवायला लागतो. व्हॅट २१ टक्के असला तरी मधल्या कंपनीचं कमिशन जाऊन हातात बरंच कमी येतं, त्याची मनाची तयारी ठेवा.

प्रश्न: मुलगा चेक रिपब्लिकमधल्या ब्रनोला नोकरीला आहे, दोन वर्षं झाली. हिच्या साठीला गार्नेटची अंगठी द्यायचीय. ऑनलाईन मागवू की त्याला कुरिअर करायला सांगू? तो म्हणतो गिफ्ट लिहिलं की कस्टम लागत नाही.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: काका, मुलाला सांगा ते दिवस गेले. बाहेरून गिफ्ट म्हणून करमुक्त वस्तू मागवायची सोय २०१९ च्या डिसेंबरमध्ये बंद झाली, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून. कुरिअरने दागिना आला की ड्युटी लागणार, वर कुरिअरवाल्यांचे चार्जेस, आणि पार्सल अडकलं की केवायसीचे मेल तुम्हालाच करत बसायला लागणार, साठी निघून जायची.

ऑनलाईन त्याच्या ब्रनोच्या पत्त्यावर मागवा आणि तो येताना आणू दे. एक वर्षाच्या वर परदेशात राहून परत येणाऱ्यांना दागिन्यांची वेगळी सवलत आहे, बाईला ४० ग्रॅम, पुरुषाला २० ग्रॅमपर्यंत. किमतीबाबतचे नियम मधून मधून बदलतात, तर निघायच्या आधी कस्टम्सच्या साईटवर एकदा बघायला सांगा, बिल बरोबर ठेवायला सांगा.

साईज मात्र आधी पक्का करा, इथेच जास्त लोक अडकतात. तिकडे अंगठीचा नंबर म्हणजे आतला घेर मिलिमीटरमध्ये, ५४ वगैरे. आपल्याकडच्या नंबरात साधारण ४० मिळवले की तो आकडा येतो, म्हणजे आपला १४ नंबर तिकडचा ५४. काकूंची रोजची अंगठी गुपचूप सराफाकडे नेऊन मापून घ्या. कारण चहूबाजूंनी खडे असलेली अंगठी नंतर सैल-घट्ट करणं म्हणजे खडे पडायला आमंत्रण, आपले कारागीर त्या कामाला हात लावायला तयार होत नाहीत आणि ते बरोबरच आहे.

प्रश्न: आजेसासूबाईंचा जुना ब्रोच सापडला, खूप बारीक लाल खडे, मागे पितळेसारखी पट्टी, तीन खडे पडलेत. सासरे म्हणतात युरोपातून कुणीतरी दिलेला. सराफ म्हणाला मोडीत काही येणार नाही. दुरुस्त करून घेऊ का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर: सराफाचं त्याच्या जागी बरोबर आहे, तो वजनाचं सोनं बघणार. पण मागे पितळी धातू आणि समोर खूप बारीक खडे, हे वर्णन १९व्या शतकातल्या बोहेमियन कामाशी जुळतं, तेव्हा सोन्याऐवजी टॉम्बॅक म्हणजे तांबं-जस्ताचा मिश्रधातू सर्रास वापरायचे. त्यामुळे मोडीत अजिबात घालू नका.

दुरुस्तीची घाईपण नको. डाख लावायला ज्योत जवळ नेली तर गार्नेट तडकू शकतो. अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये टाकू नका, पाण्यात भिजवूही नका, कोरड्या मऊ ब्रशने पुसा बस. आधी मुंबईला ऑपेरा हाऊस भागातल्या एखाद्या जेमॉलॉजी लॅबमध्ये दाखवा, पायरोप की अल्मंडाईन की काच ते मशीनवर कळतं. त्यांना एवढंही विचारा की खडा अखंड आहे का, कारण जुन्या मालात वर गार्नेटची पातळ चकती आणि खाली काच असे जोडखडेसुद्धा मिळतात. मग त्याच जातीचे खडे बसवा. सराफाकडे पडून असलेले कुठलेही लाल खडे बसवले तर ते तीन कायम वेगळे दिसत राहतील.

प्रश्न: गोमेद म्हणजे गार्नेटच ना? मग राहूसाठी चेक गार्नेट चालेल का, दोन्ही कामं होतील.
— एक वाचक, नाशिक

उत्तर: दोन्ही गार्नेटच्या कुटुंबातले, पण गोमेद म्हणजे हेसोनाईट, मधासारखा पिवळट-तपकिरी, रसायन वेगळं, खाणी वेगळ्या. राहूला काय चालतं ते तुमच्या गुरुजींना विचारा, तो माझा प्रांत नाही. पण ते बहुतेक चांगल्या वजनाचा एकच खडा सांगणार, आणि चेक गार्नेट त्या वजनात मिळायचा नाही, मिळाला तर परत वर डोंबिवलीच्या काकूंना दिलेलं उत्तर वाचा.