१८१२ च्या युद्धामुळे अमेरिकेचं केंद्र सरकार खरंच बळकट झालं का?

झालं, पण त्याचं श्रेय मी विजयापेक्षा फजितीला देईन. या युद्धाला ‘दुसरं स्वातंत्र्ययुद्ध’ म्हणतात, पण ते बिरुद नंतर चिकटलेलं. जून १८१२ मध्ये ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारताना प्रतिनिधिगृहात ७९ विरुद्ध ४९ मतं पडली. देश एकदिलाने लढायला निघालाच नव्हता.

राष्ट्रीय बँकेची सनद १८११ मध्येच संपू दिलेली. खडं सैन्य तुटपुंजं, त्यामुळे बरीचशी भिस्त राज्यांच्या मिलिशियावर, म्हणजे गरजेपुरत्या बोलावलेल्या नागरिकांच्या फौजेवर. मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटच्या गव्हर्नरांनी ती द्यायला साफ नकार दिला. राज्यघटनेत मिलिशिया बोलावण्याची कारणं तीनच: कायद्याची अंमलबजावणी, बंड मोडणं, आक्रमण परतवणं. आक्रमण झालंय की नाही हे आम्ही ठरवू, असा त्यांचा पवित्रा! त्याच ऑक्टोबरात क्वीन्स्टन हाइट्सच्या लढाईत न्यूयॉर्कच्या मिलिशियातले बरेच जण नायगारा नदीच्या अलीकडेच थांबले. पलीकडे कॅनडा, आणि परदेशात जाऊन लढणं आमच्या कामात बसत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. पार गेलेले सोबती त्यांच्या डोळ्यांदेखत हरले.

ऑगस्ट १८१४ मध्ये ब्रिटिशांनी राजधानी वॉशिंग्टन जाळली. नोव्हेंबरात सरकारचे कर्जाचे हप्ते थकले. डिसेंबरात न्यू इंग्लंडचे, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांचे, २६ प्रतिनिधी हार्टफर्डला जमले आणि युद्ध पुकारायला दोनतृतीयांश बहुमत हवं, अशा घटनादुरुस्त्या मागू लागले.

मग नशीब पालटलं. फेब्रुवारी १८१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या विजयाची आणि युद्ध संपवणाऱ्या घेंटच्या तहाची बातमी काही दिवसांच्या अंतराने वॉशिंग्टनला पोचली. हार्टफर्डवाल्यांचं हसं झालं, त्यांचा फेडरलिस्ट पक्ष त्यातून सावरलाच नाही. तहाने सीमा जवळपास होत्या तिथेच ठेवल्या, अमेरिकन खलाशांना जबरदस्तीने ब्रिटिश नौदलात भरती करण्याबद्दल तर त्यात अवाक्षर नाही. तरी लोकांना आपण जिंकलो असंच वाटलं. खरे हरले ते मूळनिवासी. एकट्या क्रीक लोकांकडून १८१४ मध्ये दोन कोटींहून जास्त एकर जमीन काढून घेतली गेली.

केंद्राच्या सत्तेच्या दृष्टीने मला सगळ्यात बोलका वाटतो तो मॅडिसनचा बदल. १७९१ मध्ये राष्ट्रीय बँक घटनाबाह्य म्हणणाऱ्या याच माणसाने राष्ट्राध्यक्ष म्हणून १८१६ मध्ये दुसऱ्या बँकेच्या कायद्यावर सही केली. देशी कारखान्यांना संरक्षण देणारं आयात शुल्कही त्याच वर्षीचं. पण रस्ते-कालव्यांसाठीचं विधेयक त्याने पद सोडण्याच्या आदल्या दिवशी, ३ मार्च १८१७ ला, नकाराधिकार वापरून परत पाठवलं. घटनेत तसा अधिकार नाही, म्हणे. म्हणजे केंद्र वाढलं, पण सरसकट नव्हे.

मिलिशियाचा वाद तर युद्ध संपल्यावरही १२ वर्षं चालला. १८१४ मध्ये बोलावणं येऊनही न गेलेल्या न्यूयॉर्कच्या जेकब मॉटला ९६ डॉलर दंड झाला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १८२७ मध्ये निकाल लागला: मिलिशिया बोलावण्याइतका धोका आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार फक्त राष्ट्राध्यक्षाचा.