बर्फावरची मिनिटं मोज

प्रिय पोरी,

तुझं पत्र (व्हॉट्सअ‍ॅपवर पाच तुकड्यांत आलं, तरी मी पत्रच म्हणणार) काल रात्री दोनदा वाचलं. लेहच्या आइस हॉकी शिबिरात तुला तीन-तीनच्या चमूत (गोली, म्हणजे गोलरक्षक, सोडून एका बाजूला तिघी) घेतलं आणि पाच-पाचच्या पूर्ण संघातली ती मोठी मुलगी जेवताना सगळ्यांसमोर म्हणाली, ‘हा पोराटोरांचा खेळ, यात कोणी हॉकी शिकत नाही.’ आता पुढच्या हिवाळ्यासाठी कुठल्या चमूत नाव घालायचं ते महिनाअखेर कळवायचंय, आणि तू मला विचारतेस, ‘सर, खोट्या खेळातलं खरं पदक घ्यावं का?’

वाक्य झकास आहे. प्रश्न फालतू आहे. विचारायला हवा होता तो प्रश्न एकच: त्या शिबिरात दर दिवशी तू बर्फावर किती मिनिटं होतीस? आणि ती मोठी मुलगी किती मिनिटं होती? पाच तुकड्यांत सगळं आलं, स्वयंपाकघरातला सूपसुद्धा आला, हे आलं नाही.

खरा खेळ, पूर्ण खेळ हे जे तू धरून बसलीस, ते आधी सोड. 1920 साली अँटवर्पला, आणि तेही उन्हाळी ऑलिम्पिकमध्ये बरं का, आइस हॉकी पहिल्यांदा आली तेव्हा एका बाजूला गोली धरून सात जण उतरायचे. सातव्याला रोव्हर म्हणत. पुढे रोव्हर गेला, सहा राहिले. त्या वेळच्या रोव्हरांनी नव्या खेळाच्या नावाने किती बोटं मोडली असतील! एनएचएलने, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या व्यावसायिक हॉकी लीगने, 2015 च्या मोसमापासून साखळी सामन्यांतला जादा वेळ तीन-तीनवर आणला, तेव्हाही जुन्यांची तोंडं वाकडी झाली होती. आणि तू इथे पुण्यात काय खेळतेस? इनलाइन, एका रांगेतल्या चाकांच्या स्केटवरची हॉकी. चार आणि गोली. इतकी वर्षं तुला तो खेळ खोटा वाटला नाही.

माझं सांगतो. अल्टिमेट खो-खो ही लीग सुरू झाली, नऊच्या जागी सात आले, वर कुठल्याही दिशेला पळू शकणारा तो ‘वजीर’ आला, तेव्हा मी टीव्ही बंद केला होता. बायको म्हणाली, ‘तुम्ही खो-खो शेवटचा कधी खेळलात?’ 1971. तेव्हा मी काही शहाणा म्हणून हे लिहीत नाही. हट्टी म्हणून लिहितोय, आणि हट्ट एकाच गोष्टीचा आहे: मिनिटं मोज.

पूर्ण सामना 60 मिनिटांचा. बर्फावर पाच स्केटर, बाकावरचे धरून वीस. भागाकार केलास तर प्रत्येकाला 15 मिनिटं येतात. पण प्रत्यक्षात 15 कुणाला मिळतात? पहिली फळी वीस-बावीस मिनिटं खाते आणि चौथ्या फळीच्या वाट्याला पाच-सहा उरतात, तीही संघ चार गोलांनी पुढे असला तर. सरासरी ही बाकावर बसलेल्या पोराची फसवणूक असते. आता रिंककडे बघ. साठ मीटर लांबीची. तिचे आडवे तीन भाग केले की एकाच वेळी तीन सामने चालतात. पूर्ण खेळात बर्फावर दहा स्केटर असतात, इथे अठरा, आणि गोली दोनऐवजी सहा. जिथे नैसर्गिक बर्फ हिवाळ्याचे जेमतेम दोन-अडीच महिने टिकतो, गावकरी रात्री पाणी सोडून शेतात रिंक गोठवतात, तिथे या हिशेबाला काय किंमत आहे हे मी तुला सांगायचं? तू तिथे राहून आलीस.

लोझानच्या युवा ऑलिम्पिकचं मात्र तुला माहीत नसावं, नाहीतर ‘खोटा’ हा शब्द लिहिला नसतास. 2012 च्या इन्सब्रुक आणि 2016 च्या लिलेहामर युवा ऑलिम्पिकमध्ये, ज्यांच्या देशाचा पूर्ण संघ येऊ शकत नव्हता अशा मुलांसाठी कौशल्य स्पर्धा होती. एकट्याने स्केटिंग कर, एकट्याने नेम मार, एकट्याने घड्याळाशी झुंज. चांगलीच होती, पण त्यात कुणी तुझ्याकडे पक (खेळायची रबरी चकती) सरकवत नव्हतं. जानेवारी 2020 मध्ये लोझानला ती काढून तीन-तीनचे सामने आणले, आणि संघ देशांचे न करता रंगांचे केले. पिवळा, हिरवा, लाल, काळा. एकेका संघात 13 जण, निरनिराळ्या देशांतले, बहुतेकांना एकमेकांची भाषा येत नव्हती. सामना आडव्या बर्फावर. चूक केली की दोन मिनिटं कोंडून ठेवणं नाही, थेट पेनल्टी शॉट. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे भोंगा. ठरावीक वेळाने भोंगा वाजला की बर्फावरच्यांनी उतरायचं आणि पुढच्यांनी चढायचं. प्रशिक्षकाच्या लाडक्याला जास्त वेळ नाही, नावडत्याला कमी नाही. मी ते चित्रीकरण पाहिलं आणि एकटाच टाळ्या वाजवत बसलो. आयुष्यभर मला जे जमलं नाही ते एका भोंग्याने केलं होतं.

मुलींचं सुवर्ण पिवळ्या संघाने घेतलं. त्या संघात मेक्सिकोची लुईसा विल्सन होती. मेक्सिकोकडे हिवाळी खेळांचं, युवा असो की मोठ्यांचं, एकही ऑलिम्पिक पदक तोवर नव्हतं. आता तिला विचार, पदक खरं की खोटं.

2024 च्या युवा ऑलिम्पिकला, कोरियात गांगवॉनला, रंग गेले, देश आले. तीन-तीनमध्ये मुलांत लातव्हिया, मुलींत हंगेरी. टोकियोला बास्केटबॉलचं तीन-तीन पहिल्यांदा आलं तेव्हा पुरुषांचं सुवर्णही लातव्हियानेच नेलं होतं. मात्र ‘लहान देशांचा आधार’ असलं भाषण यावरून करू नकोस, लातव्हिया हॉकीत गरीब नाही. 2023 च्या विश्व अजिंक्यपदात मोठ्यांच्या संघाने तिसरा नंबर काढला. रग्बी सेव्हन्स रिओला आलं आणि फिजीला इतिहासातलं पहिलं ऑलिम्पिक पदक मिळालं, तेही सोन्याचं, हे उदाहरण जास्त सरळ आहे. गवतावरच्या हॉकीचं पाचांचं रूप आपल्या मुलामुलींनी 2018 ला ब्यूनस आयर्सला खेळून दोन रौप्यं आणली. तेव्हा पेढे वाटताना कुणी ‘पण हे पाचांचं होतं’ म्हटल्याचं मला आठवत नाही.

आता जी गोष्ट मला टाळायची होती ती.

1994. मी तेव्हा रोलर हॉकी शिकवायचो, चार चाकांचे जुने स्केट, सिमेंटची रिंक. आमच्या संघात एक मुलगा होता. हळू होता, पण रोज सगळ्यांच्या आधी यायचा, रिंक झाडायचा. तीन दिवसांची शालेय स्पर्धा होती आणि तिन्ही दिवस तो गुडघ्यांना पॅड बांधून बाकावर बसला. एक मिनिट उतरवला नाही मी त्याला. त्याची आई अंतिम सामन्याला डबा घेऊन आली होती, सगळ्या संघाला पुरेल एवढ्या पुऱ्या. आम्ही 3-2 जिंकलो. त्याने पॅड सोडले, पुऱ्या वाटल्या, आणि सोमवारी आला नाही. नंतरही नाही.

मला दोष देण्याआधी ऐकून घे. तो चषक आला नसता तर आमची संध्याकाळची वेळ दुसऱ्याला गेली असती, आणि मग एकालाच नाही, बावीस पोरांना खेळायला मिळालं नसतं. तेव्हा माझा हिशेब बरोबर होता. तीस वर्षं मी हे स्वतःला सांगतोय आणि अजूनही ते बरोबरच वाटतं. तरी त्या सामन्याचा कागद माझ्याकडे आहे, त्यावर त्याच्या नावापुढची जागा कोरी आहे, आणि तो कागद मी टाकत नाही.

त्याच्या पुढच्याच वर्षी एका गावाहून आमंत्रण आलं. तीन-तीनचे सामने, दोन दिवस, राहायची सोय. माझ्याकडे तेव्हा परीक्षांमुळे सातच मुलं उरली होती. मी बाणेदारपणे कळवलं, आम्ही अर्धा खेळ खेळत नाही. त्या दोन दिवसांत माझी सात मुलं काय करत होती? सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेनिस बॉल घेऊन तीन-तीन खेळत होती, सातवा पंच. मी गॅलरीतून पाहिलं आणि खाली गेलो नाही. तुझ्या त्या मोठ्या मुलीचं वाक्य मी तिच्या जन्माआधी बोलून बसलोय, म्हणून मला ते इतकं लागलं.

वही सुरू केली ती त्यानंतर. प्रत्येक मुलाचं नाव, प्रत्येक सामन्याची मिनिटं. तुला ती माहीत आहे, तू तिची चेष्टा करायचीस.

आता तू म्हणशील, मग सर तीन-तीन मोठ्यांच्या ऑलिम्पिकमध्येही आणा म्हणतात. नाही, एवढ्या सहज नाही म्हणत. हिवाळी ऑलिम्पिकला खेळाडूंची मर्यादा आहे, सुमारे 2,900. आइस हॉकीचे पुरुषांचे 12 संघ आणि बायकांचे 10, माणशी हिशेब धर, पाचशेच्या वर खेळाडू झाले. आणखी आणायचे तर जागा कुठून आणणार? पुरुष 1920 पासून खेळतायत, बायकांना 1998 च्या नागानोपर्यंत थांबावं लागलं. कात्री निघाली की आधी कुणाच्या कापडाला लागते हे मी तुला सांगायला नको. बायकांचे दहाचे आठ करून तीन-तीन आणणार असतील तर मी या वयात पत्रकं वाटत फिरेन. दुसऱ्याची मिनिटं काढून आपल्याला दिली तर ती मिनिटं माझ्या वहीत चढत नाहीत. जोडून देणार असतील, ज्यांना आज शून्य आहे त्यांना देणार असतील, तर उद्याच आणा.

आणि पूर्ण खेळ सोड असंही मी म्हणालेलो नाही, तू तसं वाचशील म्हणून लिहितो. भारताच्या मुली 2016 ला तैपेईला पहिल्यांदा खेळल्या, 2017 ला बँकॉकमध्ये फिलिपिन्सविरुद्ध 4-3 ने पहिला विजय, 2025 ला अल ऐनला आशिया चषकात कांस्य. हे सगळं पाच-पाचमध्येच. बहुतेक सगळ्या लडाखच्या पोरी, लहानपणापासून तळ्यावर जागा मिळेल तिथे, असतील तेवढ्या जणींत खेळून आलेल्या. तळ्यावर कोण मोजायला बसतं, दहा झाल्या की नाही ते? सहा आल्या तर सहा.

तेव्हा तुझा निर्णय असा घे. शिबिराच्या मॅडमना फोन कर आणि दोनच गोष्टी विचार: तीन-तीनमध्ये दिवसाला किती मिनिटं, पूर्ण संघात किती. ‘बघू’ म्हणाल्या तर पुन्हा विचार. जिथे आकडा मोठा तिथे नाव घाल. पूर्ण संघाचा आकडा मोठा निघाला तर तिथे जा, मला काही तीन-तीनची दलाली मिळत नाही. ‘कुठल्या चमूला मान जास्त’ हे मात्र विचारू नकोस. विचारलंस तर मला सांगू नकोस.

आईला नमस्कार. दहावीचं गणित सुटतंय ना? भागाकार येतो एवढं मला कळलं पाहिजे.

तुझा,
सर

ता. क. लेहला उतरलीस की पहिले दोन दिवस बर्फावर पाय ठेवायचा नाही. साडेतीन हजार मीटर उंची आहे, गेल्या वेळी तू पहिल्याच संध्याकाळी पळालीस आणि रात्री डोकं धरून बसलीस, मॅडमनी मला सांगितलंय. पाणी पी, झोप, खिडकीतून बघ. वहीत त्या दोन दिवसांपुढे शून्य लिही. ती दोन शून्यं मला चालतील.